चार औंस सोनं आणि पोर्तुगालची राजपदवी

पोर्तुगालचा जन्म कधी झाला, असं विचारलं की बहुतेक जण मूरांविरुद्धच्या (म्हणजे इबेरियातल्या मुसलमान सत्ताधाऱ्यांविरुद्धच्या) ओरिकेच्या लढाईचं नाव घेतात: २५ जुलै ११३९. त्या विजयानंतर अफोन्सो हेन्रिकेस स्वतःला राजा म्हणवू लागला, हे खरं. पण रोमने, म्हणजे पोपने, त्याला राजा म्हणायला पुढची चाळीस वर्षं घेतली. त्याची खरी थोरवी मला त्या चाळीस वर्षांच्या चिकाटीत दिसते.

अफोन्सोचे वडील, बर्गंडीचे हेन्री, १११२ मध्ये वारले. पोर्तुगाल तेव्हा शेजारच्या लिओन राज्याच्या राजाच्या अधिकाराखालचा परगणा होता आणि कारभार आई तेरेझा पाहायची. उत्तरेकडच्या गॅलिसिया प्रांतातल्या त्रावा घराण्याकडे तिचा ओढा वाढला तसे इथले सरदार मुलाच्या बाजूला गेले. २४ जून ११२८ला गिमराइशजवळ मायलेकांची सैन्यं भिडली आणि मुलगा जिंकला.

लिओनच्या गादीवर होता त्याचाच मावसभाऊ, सातवा अल्फोन्सो. ११३५ पासून तो सम्राट म्हणून मिरवत होता, आणि हाताखाली राजे असले की सम्राटाचा मान वाढतोच. म्हणून ११४३ मध्ये झामोरा शहरी झालेल्या भेटीत त्याने अफोन्सोला ‘राजा’ हा शब्द दिला. पण लिओनमधल्या अस्तोर्गाची जहागीरही दिली, म्हणजे मांडलिकपण कायम.

अफोन्सोने यावर काढलेली तोड विलक्षण आहे. त्याच डिसेंबरात त्याने पोपला पत्र लिहून आपलं राज्य सेंट पीटरच्या चरणी वाहिलं आणि वर्षाला ४ औंस सोनं कबूल केलं. एकदा थेट पोपचा मांडलिक झालं, की मधल्या सम्राटाचा हक्क उरत नाही! ११४४ मध्ये पोप दुसऱ्या ल्युसियसचं उत्तर आलं. सोनं स्वीकारलं, आशीर्वाद दिले, पण नावामागे लॅटिन ‘रेक्स’ नव्हतं, ‘डुक्स’ होतं. राजा नाही, ड्यूक.

मग त्याने मुलूख वाढवला. मार्च ११४७ मध्ये रात्री शिड्या लावून मूरांचं सांतारेम शहर घेतलं. जुलैत मूरांच्याच ताब्यातल्या लिस्बनला वेढा पडला, तोही पवित्र भूमीकडे निघालेल्या क्रूसेडरांच्या (ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या) सुमारे १६० जहाजांच्या मदतीने. करार स्पष्ट होता: लूट त्यांची, शहर राजाचं. तटावर चढण्यासाठी बांधलेला पहिला लाकडी मनोरा वाळूत रुतला आणि जळाला. पुढे जर्मन-फ्लेमिश लोकांनी भुयार खणून तटाचा भाग पाडला, तरी खिंडारात शहरवाले हटेनात. पीसाच्या एका कारागिराने बांधलेला दुसरा मनोरा तटाला भिडला, तेव्हा ऑक्टोबरअखेर शहर शरण आलं.

११६९ मध्ये बादाखोस शहराच्या लढाईत अफोन्सोचा पाय मोडला आणि तो आपल्याच जावयाच्या, लिओनच्या दुसऱ्या फर्दिनांदच्या, हाती सापडला. जिंकलेली काही ठाणी देऊन सुटका झाली, पण त्यानंतर तो धड घोड्यावर बसू शकला नाही. रोमशी बोलणी मात्र सोडली नाहीत.

२३ मे ११७९ रोजी पोप तिसऱ्या अलेक्झांडरचं फर्मान निघालं. त्यात अखेर ‘रेक्स’ आहे, शिवाय मूरांकडून जिंकलेल्या मुलखावरचा हक्कही. वार्षिक सोनं २ मार्क झालं, म्हणजे १६ औंस, पूर्वीच्या चौपट. अफोन्सो तेव्हा सत्तरीला आला होता. ६ डिसेंबर ११८५ रोजी कोइंब्राला तो वारला, आणि मुलगा सांचो गादीवर बसला तो राजा म्हणूनच.