एम्प्लॉई ऑफ द मंथची फ्रेम आणि आमचा मशीन शॉप: माझा अनुभव

मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत मशीन शॉपला सुपरवायझर आहे, कंपनीचं नाव सांगत नाही कारण अजून तिथेच नोकरी करतोय. 2022 ची दिवाळी झाली, बोनस हातात पडला आणि महिन्याभरात बरेच चांगले ऑपरेटर सोडून गेले, शेजारी दीड-दोन हजार जास्त मिळतात म्हणून. मग प्लांट हेड साहेब मीटिंगमध्ये माझ्याकडे बघून म्हणाले, रिवॉर्ड स्कीम चालू करा, पोरांना मोटिव्हेशन पाहिजे. बजेट किती? तर महिन्याला पाच हजार, सगळ्या शॉपला मिळून. बरं.

सगळे करतात तेच मी पण केलं. कँटीनमध्ये हात धुवायच्या बेसिनजवळ फ्रेम लावली, एम्प्लॉई ऑफ द मंथ, फोटो आणि पाचशे रुपये. निवड हजेरीवर, कारण पंचिंग मशीनचा आकडा दाखवला की कुणी भांडत नाही. पहिल्या महिन्यात टाळ्या वाजल्या. पण ज्याचं घर कंपनीपासून दहा मिनिटांवर तोच दर महिन्याला पुढे, बाकीचे राजगुरुनगर, मंचरकडून बस पकडून येणारे, त्यांचा नंबर लागणार कधी. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली तेव्हा उरलेला झेंडूचा हार कुणीतरी त्या फ्रेमलाच घातला. फोटोला हार म्हणजे काय ते सांगायला नको. तो ऑपरेटर दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, साहेब पाचशे नको, माझा फोटो तेवढा उतरवा.

पण त्याच्याआधी मार्चमध्येच एक गोष्ट झाली होती आणि खरं तर मी तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. 4 मार्चला सेफ्टी डे असतो, त्या निमित्ताने आम्ही जाहीर केलं की जी लाइन तीन महिने झिरो ॲक्सिडेंट ठेवेल त्या लाइनला बक्षीस. दोन महिने एकदम क्लीन. मग एक दिवस डीबरिंगवरचा, म्हणजे पार्टच्या कडांची धारदार कूस घासून काढणारा मुलगा ग्लोव्ह काढेना, मला वाटलं थंडी वाजतेय की काय, मे महिन्यात! काढायला लावला तर बोटाला चिंधी बांधलेली, बोट सुजलेलं, तीन दिवसांपूर्वी त्या धारदार कुशीने (बरने) कापलं होतं. मी म्हटलं अरे सांगितलं का नाहीस, तर म्हणतो सर सगळ्या लाइनचं बक्षीस गेलं असतं, पोरांनी मला सोडलं नसतं. म्हणजे मी पैसे देऊन जखमा लपवायला शिकवत होतो. ती स्कीम त्याच दिवशी बंद केली, साहेबांना कारण सांगताना मान खाली होती.

मधेच अकाउंट्सचं लफडं. पाचशे रुपये रोख दिले तर ते पगारात धरून टॅक्सला मोजावे लागतात, वस्तू किंवा व्हाउचर असेल तर वर्षाला एकूण पाच हजारांच्या आत असल्यास तेव्हा सूट होती. म्हणून व्हाउचर. आणि बोनसला लोक थँक यू म्हणत नाहीत अशी एचआरची तक्रार असायची, अहो कसे म्हणतील, तेव्हाच्या 1965 च्या कायद्याने किमान 8.33 टक्के द्यावाच लागायचा, तो हक्क आहे, शाबासकी नाही.

मग मी कैझनची, म्हणजे कामात छोट्या सुधारणा सुचवायची पेटी उघडली. लोक सूचनेचं शीट भरून टाकायचे, आणि आतलं सगळ्यात जुनं शीट चौदा महिन्यांपूर्वीचं, कुणी उत्तरच दिलेलं नाही! लाज वाटली. ठरवलं की आठ दिवसांत प्रत्येकाला उत्तर, होणार नसेल तर का नाही ते तोंडावर सांगायचं. त्यात एका काकांचं शीट होतं, ड्रिलिंगच्या फिक्श्चरवर, म्हणजे पार्ट पकडून ठेवणाऱ्या साच्यावर, एक पिन लावा म्हणजे पार्ट उलटा बसणारच नाही. जपानी लोक ज्याला पोका योके म्हणतात तेच, काकांना शब्द माहीत नव्हता, कल्पना होती. टूलरूमच्या भंगारातल्या तुकड्यातून पिन केली, खर्च शून्य. प्लांट हेडना विनंती केली की टाळ्या-बिळ्या नको, फक्त मशीनवर या आणि काकांना विचारा. आले. काकांनी पार्ट मुद्दाम उलटा घालून दाखवला, बसत नाही बघा साहेब, परत घातला, परत दाखवला. पाच मिनिटं. आता सगळे त्याला काकांची पिनच म्हणतात, ड्रॉइंगवर पण तेच लिहिलंय. नंतर दिलेलं व्हाउचर मात्र काकांच्या लॉकरमध्ये तारीख उलटून गेली तरी पडून होतं.

ट्रेनिंगला हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाची थिअरी दाखवतात, 1959 ची, की पगार आणि सोयींनी नाराजी कमी होते पण उत्साह येतो तो कामातून आणि कौतुकातून. ऐकायला छान आहे, पण कँटीनची डाळ पाण्यासारखी असेल तर आधी डाळ बघा. आणि माणसं त्यानंतरही सोडून गेलीच, फक्त जाताना सांगून गेली.

एका ठिकाणी मात्र मी कमी पडलो. पॅकिंगला कॉन्ट्रॅक्टवरचा एक मुलगा होता, नांदेडकडचा. डावा आणि उजवा ब्रॅकेट मिक्स होऊन कस्टमरच्या कम्प्लेंट यायच्या, त्याने सुचवलं की ट्रेचे रंग वेगळे करा, निळा आणि पिवळा. कम्प्लेंट बंद. मी सर्टिफिकेट मागितलं तर एचआर म्हणे कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला कंपनीच्या लेटरहेडवर काही द्यायचं नाही, उद्या तो आमचाच कामगार म्हणून कोर्टात गेला तर. कायद्याच्या बाजूने त्यांची भीती अगदीच खोटी नाही. मी पण फार ताणलं नाही, शीटवर नाव लिहिलं पॅकिंग टीम.

सात महिन्यांनी त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. मग एकदा त्याचा फोन आला, सर दुसरीकडे क्वालिटीला इंटरव्ह्यू आहे, ते ट्रेचं शीट व्हॉट्सॲप करता का, दाखवतो. मी फाइल काढली, पॅकिंग टीम खोडलं, पेनाने त्याचं नाव लिहिलं, खाली माझी सही केली आणि फोटो पाठवला. लागला तो तिथे. पण क्वालिटीला नाही, परत पॅकिंगलाच.