फीत कापण्याआधी

ठाण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात मी गेली अकरा वर्षे वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते. माझे काम यंत्रांपाशी कमी आणि कागदांपाशी जास्त असते. शिधापत्रिका, आधार कार्ड, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मंजुरी, योजनेत न बसणाऱ्यांसाठी निरनिराळ्या न्यासांना लिहायचे अर्ज, आणि या सगळ्याबरोबर "ताई, आमचा नंबर कधी लागेल?" या प्रश्नाला रोज द्यावे लागणारे उत्तर. आमच्याकडे सहा यंत्रे होती. दिवसाला तीन पाळ्या आणि प्रत्येक रुग्णाला आठवड्यातून तीन वेळा चार-चार तास, असा हिशेब मांडला की ३६ माणसे होतात आणि सदतिसाव्याला जागा उरत नाही. जागा होते ती कुणाचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले तर किंवा कुणी गेले तर. यादीतल्या लोकांना हे ठाऊक असते, म्हणून जागा झाल्याचा फोन गेला की पलीकडचे माणूस आनंद होण्याआधी क्षणभर गप्प होते.

अशा वेळी घोडबंदर रस्त्यावर इमारती बांधणाऱ्या एका व्यावसायिकाने आम्हाला चार नवी यंत्रे देऊ केली. महापालिकेची निवडणूक तोंडावर आली होती आणि या गृहस्थांना उमेदवारी हवी आहे हे आमच्या भागातल्या रिक्षावाल्यांनाही माहीत होते. विश्वस्तांच्या बैठकीत एका ज्येष्ठ विश्वस्तांनी स्पष्ट विरोध केला. आजाऱ्याची खाट ही कुणाच्या प्रचाराची पायरी होता कामा नये, असे त्यांचे म्हणणे होते. आयुष्यभर गुप्तदान करणाऱ्या माणसाचे ते बोलणे होते आणि मला त्यांच्याविषयी आजही आदर आहे. पण त्या दिवशी मी त्यांच्या विरोधात बोलले. चार यंत्रे म्हणजे आणखी २४ रुग्ण, आणि त्या २४ जणांची नावे, पत्ते, त्यांच्या घरातली कमावती माणसे मला पाठ होती. दात्याच्या मनात काय आहे याची शिक्षा त्यांना का, एवढेच मी विचारले.

माझ्या बोलण्यामागे शिक्षणाच्या काळातला एक अनुभव होता. समाजकार्याचे शिक्षण घेताना माझे क्षेत्रकार्य मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाले. ज्या जमशेटजी जीजीभॉयांचे नाव त्या रुग्णालयाला आहे, त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग चीनशी केलेल्या व्यापारातून आला आणि त्या व्यापारात कापसाबरोबर अफू होती. रुग्णालयाची पायाभरणी १८४३ सालची. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना इंग्रज सरकारकडून 'सर' ही पदवी मिळाली होती आणि १८५७ मध्ये ते बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेने चालणाऱ्या किताबाचे मानकरी, झाले. दोन्ही मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या दानामागे दया किती आणि राज्यकर्त्यांकडून मिळणारी प्रतिष्ठा किती, याचे उत्तर आता कुणी देऊ शकणार नाही. वॉर्डातल्या कुणालाही ते नको होते. परभणीहून, रत्नागिरीहून, बिहारहून आलेली माणसे तिथे बरी होऊन घरी जात होती. त्या वयात मी असा निष्कर्ष काढला होता की हेतू माणसाबरोबर जातो आणि काम मागे राहते. अफूच्या पेट्या जिथे उतरत होत्या तिथल्या माणसांचा विचार तेव्हा माझ्या मनात आला नव्हता. तो यायला बरीच वर्षे जावी लागली.

बैठकीत देणगी घ्यायचे ठरले, मात्र अट अशी की करार लेखी व्हावा. तो करण्याचे काम माझ्याकडे आणि आमच्या मुख्य तंत्रज्ञांकडे आले. खरी अडचण पाण्याची होती. डायलिसिसच्या यंत्रातून मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर द्राव वाहतो, म्हणजे चार तासांत एका रुग्णामागे १२० लिटर शुद्ध पाणी लागते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन पिण्याने काही होत नाही. पण तेच डायलायझरच्या, म्हणजे यंत्रावरच्या रक्त गाळणाऱ्या नळकांड्याच्या, पडद्यातून रक्ताशी भिडले तर तांबड्या पेशी फुटतात. त्यामुळे गच्चीवरचा आरओ संच हा या विभागाचा खरा प्राण असतो, आणि आमचा संच सहा यंत्रांपुरताच होता. नवा संच आणि तीन वर्षांची देखभाल मिळाल्याशिवाय चार नवी यंत्रे म्हणजे केवळ चार कपाटे ठरली असती. दात्याच्या कार्यालयाने आधी सरळ नकार दिला. यंत्रे दिसतात, पाण्याचा संच कोण बघायला येतो, असे त्यांचे सहायक मोकळेपणाने म्हणाले.

तेव्हा मला जे सुचले ते मी केले आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. दात्याच्या नावाचा फलक विभागात आतल्या भिंतीवर लागणार होता. तो मुख्य दाराशी, दुप्पट मोठा, येणाऱ्या-जाणाऱ्याला रस्त्यावरून वाचता येईल असा लावू, पण आरओ संच आणि देखभाल करारात घाला, असे मी सांगितले. दोन दिवसांत होकार आला. नावाची हौस नसलेल्या दात्याकडून हे कसे मिळवले असते, याचा मी अनेकदा विचार केला आहे. निरपेक्ष माणसाला देण्यासारखे आपल्या हातात काही नसते. तो देईल तेवढे घ्यायचे. ज्याला काही हवे असते त्याच्याशी बोलणी करता येतात. करारात मी यंत्रे लिहिली, पाणी लिहिले, देखभालीचे हप्ते लिहिले, फलकाची लांबी-रुंदीही लिहिली.

उद्घाटन दात्याच्या, म्हणजे सगळे ज्यांना साहेब म्हणत त्यांच्या, वाढदिवशी ठरले आणि तो वार सोमवार होता. डायलिसिसच्या रुग्णाचा सोमवार हा सर्वांत नाजूक दिवस. सोमवार-बुधवार-शुक्रवार ज्यांचे डायलिसिस असते त्यांच्या शरीरात शनिवार आणि रविवार असे दोन दिवस पाणी आणि पोटॅशियम साठत राहते. तरीही मी तारखेला हरकत घेतली नाही, कारण कार्यक्रम सकाळी साडेआठला होणार होता आणि अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे झाला तरी चालेल असे डॉक्टरांचे मत होते. सहा जुनी यंत्रे नेहमीप्रमाणे सात वाजता सुरू झाली. नव्या चार यंत्रांवर सलाइन फिरवून नळ्या तयार ठेवल्या होत्या, समोर झेंडूच्या माळा आणि चारही यंत्रांना वेढणारी लाल फीत होती. ज्यांना त्यांवर घ्यायचे ते चार रुग्ण बाहेरच्या बाकावर बसले होते.

त्यांत कळव्याचे एक काका होते. गळ्यात तुळशीची माळ, पासष्टी ओलांडलेली. सात महिने ते आठवड्यातून तीनदा लोकलने परळला जाऊन डायलिसिस घेत होते आणि आमच्याकडे नंबर लागल्यामुळे शुक्रवारी त्यांनी तिथली जागा सोडली होती. दुसरी एक चोवीस वर्षांची मुलगी होती, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जाणारी.

नऊ वाजले, साडेनऊ वाजले. साहेब एका मंडळाच्या सत्काराला थांबल्याचा निरोप आला. काकांचे वजन दोन दिवसांत साडेचार किलो वाढले होते. पावणेदहाला ते बाकावर पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून श्वास घेऊ लागले. सिस्टरांनी ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकले, ईसीजी पाहिला आणि ताबडतोब यंत्रावर घ्यायला सांगितले. जुन्या यंत्रांवरच्या सगळ्यांना अजून तास-सव्वा तास बाकी होता. साहेबांचे सहायक फितीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, दहा मिनिटं. गाडी तीन हात नाक्याला आलीय."

ती दहा मिनिटे खरीही असतील. पण कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे होती आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी सिस्टरांना म्हटले, "कापा." त्यांनी ड्रेसिंगच्या ट्रेमधली कात्री घेतली, फीत दोन ठिकाणी कापून बाजूला केली आणि काकांना पहिल्या यंत्राशी नेले. ते झाल्यावर उरलेल्या तिघांना थांबवण्यात अर्थ नव्हता. दहा-वीसपर्यंत चारही यंत्रे सुरू झाली होती.

साहेब अकरा वाजून गेल्यावर आले. कापलेली फीत त्यांनी पाहिली, सहायकाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी काय घडले ते सांगितले आणि माफी मागितली नाही. ते काही क्षण बोलले नाहीत. मग काकांच्या खाटेजवळ गेले, नमस्कार केला, आता कसे वाटते ते विचारले आणि मागे वळून छायाचित्रकाराला म्हणाले, "चालू यंत्राचेच फोटो घ्या. हेच चांगले दिसतात." त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी खरी काळजीही होती, असे मला वाटते. एकाच माणसाच्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी असतात, आणि त्या आपल्याला वेगळ्या काढता येत नाहीत.

दुपारी काकांचा श्वास शांत झाल्यावर मी त्यांना म्हटले की साहेबांच्या फितीपायी तुम्हाला उगाच त्रास सोसावा लागला. ते हसले आणि म्हणाले, "ताई, ज्ञानोबा सतराव्या अध्यायात सांगतात, दुभत्यावर डोळा ठेवून गाईला चारा घालावा तसं राजस दान. हलक्या प्रतीचं आहे खरं. पण गाईचं पोट तर भरतं ना?" मला हवे होते ते उत्तर त्यांनी माझ्याहून चांगल्या शब्दांत दिले होते. बैठकीत विरोध करणाऱ्या विश्वस्तांना मी संध्याकाळी ते वाक्य आवर्जून सांगितले.

बुधवारी ती चोवीस वर्षांची मुलगी आली आणि काही न बोलता वजनकाट्यावर उभी राहिली. तिचा भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, लोकमान्य नगरच्या बस स्टॉपवर हिचा फोटो लागलाय." मी जेवणाच्या सुट्टीत जाऊन पाहिले. वीस फुटी फ्लेक्स होता. साहेब हात जोडून उभे होते आणि त्यांच्या मागे, यंत्राच्या नळ्यांसकट, तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता. सोमवारी तिने ओढणी तोंडावर घेतली होती, ती सरकली त्या क्षणाचा तो फोटो असावा. कारखान्यात तिने आपला आजार कुणाला सांगितला नव्हता. पाळ्या बदलून घेऊन ती दोन वर्षे काम निभावत होती. मंगळवारी सकाळी तिच्या मुकादमाने बस स्टॉपवर तो फ्लेक्स पाहिला. तुझी तब्येत सांभाळ, उद्यापासून येऊ नकोस, असे तिला सांगण्यात आले.

मी तशीच साहेबांच्या कार्यालयात गेले. त्यांना आधी तक्रारच कळेना, कारण त्यांच्या मते फोटो चांगला आला होता आणि मुलीची बदनामी होईल असे त्यात काही नव्हते. विरोधक याचा मुद्दा करतील असे मी म्हटले तेव्हा त्यांनी फोन उचलला, आणि रात्रीत सगळे फ्लेक्स उतरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कारखान्याच्या मालकाशी बोलण्याची तयारी दाखवली. मुलीने नको म्हणून सांगितले. तिला आपल्या नावाने आणखी एक फोन जायला नको होता. ते काम तिला परत मिळाले नाही.

त्या रात्री मला काकांची गाय आठवत राहिली. गाईचे पोट भरते हे खरेच आहे. पण ज्या दुधावर डोळा असतो ते दूध वासराच्या वाट्याचे असते, आणि हे मी कराराच्या मसुद्यावर इतके दिवस बसूनही पाहिले नव्हते. साहेबांना प्रसिद्धी हवी होती यात मला आजही गैर वाटत नाही. दारावरचा फलक ही त्यांची किंमत होती, ती रुग्णालयाने मोजली आणि बदल्यात पाणी मिळाले. सोमवारचे ते तास काकांनी मोजले आणि बस स्टॉपवरचा फोटो त्या मुलीने. त्या दोघांना कुणी विचारले नव्हते. साहेबांच्या हेतूविषयी आम्ही बैठकीत दोन तास बोललो; त्या हेतूची किंमत कुणाच्या खात्यातून वळती होईल यावर कुणी दोन मिनिटेही बोलले नाही, आणि ते बोलणे माझे काम होते. चार पानांच्या करारात रुग्णांच्या छायाचित्रांविषयी एक ओळ नव्हती. आता प्रत्येक देणगीच्या करारात ती पहिल्या पानावर असते, आणि उद्घाटन कोणत्याही दिवशी असले तरी पाळी तिच्या वेळेला सुरू होते.

साहेबांना पुढे उमेदवारी मिळाली नाही. त्यानंतर महिनाभराने त्यांच्या हिशेबनिसांनी देखभालीचे हप्ते थांबवता येतील का, अशी विचारणा केली. आम्ही करारातले कलम पाठवले आणि हप्ते येत राहिले.

मुलीने पुढच्याच आठवड्यात माझ्याकडे येऊन एक विनंती केली. "ताई, मला त्या मशीनवर नको. जुन्यावर घ्या." तंत्रज्ञांनी वेळापत्रक हलवून तिला खिडकीजवळच्या दोन नंबरच्या जुन्या यंत्रावर जागा करून दिली. काका नव्या यंत्रावरच असतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार दोघेही एकाच पाळीला येतात आणि चार तास एकमेकांच्या समोर पडून असतात. त्या दोन्ही यंत्रांना पाणी गच्चीवरच्या नव्या आरओमधून येते.