तुम्ही विचारलंत म्हणून : म्युझियममध्ये नेमकं काय करायचीस?

लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न मला हमखास येतो. ‘म्युझियममध्ये इंटर्न होतीस ना? म्हणजे काय, मूर्ती पुसायचीस?’ मूर्तींना हात लावायची मला परवानगीच नव्हती. मी निधी गोळा करणाऱ्या विभागात होते. देणगीदार शोधायचे आणि कंपन्यांशी भागीदारी जुळवायची. हे ऐकून एका काकांनी जिलेबी मोडता मोडता निकाल दिला, ‘म्हणजे गणपतीची वर्गणीच की!’

वर्गणीच, काका. फक्त पावतीपुस्तक उघडायच्या आधी समोरच्याचा ताळेबंद वाचून मागितलेली.

त्यावर ठरलेला उपप्रश्न येतो : सरकार देत नाही का? देतं, पण मुंबईतली जुनी संग्रहालयं उभी राहिली ती सरकारच्या बरोबरीने शेठ लोकांच्या पैशावर. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी १९०५ साली झाली. सरकारने आणि पालिकेने रकमा दिल्या, तशाच सर करीमभाई इब्राहिम यांनी एकट्याने तीन लाख दिले. आतले कितीतरी उत्तम नमुने रतन टाटा आणि दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेले आहेत.

मला भायखळ्याच्या संग्रहालयाची गोष्ट जास्त आवडते. डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी त्यासाठी खटपट केली, वर्गणी जमवली, १८६२ मध्ये पायाभरणी झाली. मग अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव गडगडला आणि १८६५ मध्ये शेअरबाजार कोसळला. देणारेच बुडाले, खुद्द भाऊ दाजीही पोळले. शेवटी सरकारने इमारत पुरी केली आणि १८७२ मध्ये ती लोकांसाठी उघडली. पुढे जीर्णोद्धारासाठी २००३ मध्ये पालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांचा त्रिपक्षीय करार झाला. ‘भागीदारी’ म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी याच कराराचं उदाहरण देते.

आता माझं काम. सकाळभर कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायचे. चकचकीत पानं सोडून थेट मागच्या सीएसआरच्या, म्हणजे कंपनीने समाजकार्यावर केलेल्या खर्चाच्या, परिशिष्टावर जायचं. पैसा कुठल्या जिल्ह्यात गेला, कुठल्या संस्थेमार्फत गेला, किती शिल्लक राहिला. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. त्याच्या सातव्या अनुसूचीत कला आणि वारसाही आहे. पण त्याच यादीत शाळा आहेत, दवाखाने आहेत, पिण्याचं पाणी आहे. कुपोषणाच्या फायलीशेजारी आपण पहाडी लघुचित्रांची फाइल ठेवतोय, हे ओशाळवाणं असतं, आणि ते तसं वाटलंच पाहिजे असं माझं मत आहे. म्हणून संग्रहालयं शाळेच्या अंगाने जातात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही शाळांच्या दारात जाणारी बस २०१५ मध्ये सिटी बँकेच्या मदतीने सुरू झाली. कंपनीच्या वहीत ते शिक्षण ठरतं, आणि खोटं नाही तेही.

खरी गंमत पुढे आहे. कंपनीला खिसे दोन असतात, एक सीएसआरचा आणि एक मार्केटिंगचा, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांशी बोलतातच असं नाही. मार्केटिंगवाल्यांना लोगो हवा असतो, घुमटाखाली पार्टी हवी असते. पण आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो तो वेगळाच.

एका दालनाच्या पाटीचा मजकूर माझ्याकडे आला होता. कंपनीचं नाव, लोगो आणि खाली त्यांच्या जाहिरातीतली ओळ. आमच्या अकाउंट्सच्या सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ती ओळ लाल पेनाने खोडली. ‘ही राहिली तर देणगी नाही, जाहिरात झाली.’ मग त्यांनी २०१९ चं जीएसटीचं परिपत्रक वाचायला दिलं. सरकारी कागद इतक्या आवडीने मी कधीच वाचला नव्हता. त्यात उदाहरणं आहेत : योगसंस्थेला दिलेल्या डिजिटल फळ्याखाली ‘श्री. राजेश यांच्या शुभेच्छा’, देवळातल्या खोलीवर ‘श्रीमती मालतीदेवी यांच्याकडून वडिलांच्या स्मरणार्थ’. हे चालतं, कारण त्यात कृतज्ञता आहे, धंदा नाही. आमच्या पाटीवर शेवटी फक्त नाव राहिलं. त्यासाठी ईमेलच्या किती फेऱ्या झाल्या, विचारू नका.

दालनाला पैसे देणारे भेटतात. एसीच्या बिलाला कुणी भेटत नाही. कागदावरच्या चित्रांना साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड चालत नाही. मुंबईच्या जुलैत हवा कोरडी ठेवायची तर यंत्रं रात्रंदिवस चालवावी लागतात, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. बुरशी सुट्टी घेत नाही. आणि बिलावर पाटी लावणार कुठे? आमच्या मॅडम म्हणूनच दालनाच्या प्रस्तावात पुढच्या काही वर्षांची देखभाल आधीच घालून टाकायच्या, आणि मागणाऱ्याने आकडा सांगून झाल्यावर गप्प बसायचं, हे त्यांनीच शिकवलं. ते गप्प बसणं फार जड जातं.

लहान देणगीदारांचं जग निराळंच. मार्च उजाडला की ८०जीच्या, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणाऱ्या, प्रमाणपत्रासाठी फोन सुरू व्हायचे. दादरच्या एक आजी यजमानांच्या नावाने दरवर्षी थोडे पैसे द्यायच्या, आणि पावतीवर त्यांच्या आडनावातलं एक अक्षर चुकलं तर परत करायच्या. मोठ्या कंपनीच्या पत्राइतकंच लक्ष मी त्या पावतीकडे द्यायचे.

स्टायपेंड? लोकलचा पास आणि डबा विसरले त्या दिवशीचा वडापाव निघायचा. घरी राहणाऱ्या मुंबईकरालाच हे परवडतं, ही या क्षेत्राची लाजिरवाणी बाजू, आणि ती कुणी मुलाखतीत सांगत नाही.

राहिलं ‘बी.कॉम. करून म्युझियममध्ये कशी?’ माझ्या शेजारी बसणारी मुलगी कलेचा इतिहास शिकलेली होती. एका चित्रावर अर्धा तास बोलली तरी ऐकत राहावं. पण कंपनीचा माणूस तिचं सगळं ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, ‘३१ मार्चच्या आत यातले किती खर्च होतील?’ तेव्हा ती माझ्याकडे बघायची.