पोरीच्या गावाला किती तास?

"गुरुजी, पोरीच्या गावाले विमानानं किती घंटे लागते?" एस.टी.च्या थांब्यावर, किराण्यात, कापसाच्या काट्यावर कोणी ना कोणी विचारतंच. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीकडचं. पोरगी न्यूयॉर्कजवळ नोकरीला. मी आपलं "16 तास" सांगून मोकळा व्हायचो.

आज नीट सांगतो. ते 16 तास फक्त मुंबई ते न्यूयॉर्कचे, आणि तेही सरळ विमान मिळालं तर. अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. विमान ताशी 900 च्या आसपास जातं, तेव्हा 14 तासांत पोचायला हवं. पण तेवढ्या उंचीवर जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो तोंडावर येतो, येताना पाठीशी असतो. म्हणून परतीला तास-दीड तास कमी लागतो. शिवाय विमान कुणाच्या आकाशातून जाऊ शकतं, यावरही वाट ठरते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा वळसे वाढले.

वाट कोणती, हे मी शाळेत पृथ्वीगोलावर दाखवायचो. भिंतीवरच्या नकाशात मुंबईहून न्यूयॉर्कला पट्टी लावली की ती अरबस्तान, इजिप्तवरून जाते. पोरं म्हणायची, हाच रस्ता. मग गोलावर दोन्ही शहरांमध्ये शिलाईचा दोरा ताणायला लावायचो. दोरा आपसूक वर सरकायचा, रशिया, नॉर्वे, आइसलँडवरून जायचा, आणि तोच आखूड भरायचा. आमचा गोल मध्यावर बरोबर 1 मीटर घेराचा. पृथ्वीचा घेर 40,000 किलोमीटर, म्हणजे 1 सेंटिमीटरला 400 किलोमीटर. दोरा 31 सेंटिमीटरांच्या थोडा वर. गुणाकार पोरं स्वतः करायची. आमची पोरगी तेव्हा त्याच वर्गात, पुढच्या बाकावर होती.

माझी आई गेली ती पहाटे 5 वाजता. तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ, साडेसात. पोरीला फोन केला तेव्हा ती कामावरून नुकतीच घरी आली होती. "बाबा, मी निघते, मातीला थांबाल का?" एवढंच विचारलं तिनं. मी हो म्हणालो नाही. उन्हाळ्याचे दिवस, गावात बर्फाची पेटी नाही, भावकी दारात जमलेली. दुपारी उरकलं.

तिला त्या रात्रीचं तिकीट मिळालं नाही. दुसऱ्या दिवशीचं मिळालं. मुंबईला उतरून नागपूरचं विमान दीड तासाचं, पण त्याची वाट पाहण्यात चार तास गेले. नागपूरहून गाडीनं आणखी चार. ती तिसऱ्या दिवशी राख सावडायच्या वेळी थेट नदीवर आली, पाठीवर एकच पिशवी. आजीनं शिवलेली गोधडी होती त्यात. तिकडे थंडीत पांघरायची ती. पाण्याच्या कडेला बसून तिनं ती मांडीवर घेतली आणि बराच वेळ हात फिरवत राहिली.

विचारणाऱ्यांत बहुतेक म्हातारी माणसं असतात, आणि आता त्यांना काय विचारायचं असतं ते मला कळतं. म्हणून मी 16 सांगत नाही. तिच्या दारापासून आमच्या दारापर्यंत 30 तास, असं सांगतो. आणि तिकीट मिळेपर्यंतचा वेळ त्यात धरलेला नाही, हेही सांगतो.