आधी कोपर, मग गाल

नागपूरचा मे महिना, स्कूटी, आणि घामासोबत डोळ्यांत उतरलेलं सनस्क्रीन. सिग्नलला डोळ्यांतून नुसत्या धारा, शेजारचे काका म्हणाले, "काय झालं बेटा?" काय सांगणार! घरी येईस्तोवर गालांवर लाल चट्टे.

आता ट्यूब उलटी करून मागचं बारीक अक्षर आधी वाचते. सुगंध नको, झिंक ऑक्साइड हवं. ते सहसा झोंबत नाही. तोंड मात्र पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं दिसतं! एसपीएफ, म्हणजे ट्यूबवरचा ऊन अडवण्याचा आकडा, 30 असेल तर सुमारे 97 टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारे उन्हातले किरण) अडतात, 50 असेल तर साधारण 98. मग आकड्यामागे कशाला धावायचं? नवी ट्यूब चार दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघते. सध्याची पास झालीय.

आई म्हणते, "त्यापेक्षा ओढणी बांध." तीही बांधतेच.