मिथ्या आहे, मग दुखतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी वेदान्त वाचते हे कळलं की बहुतेक जण हेच विचारतात, तेही गालातल्या गालात हसत: "जग मिथ्या ना? मग दाढ दुखली की डॉक्टरकडे कशाला जाता?" पाठोपाठ, हत्ती अंगावर आल्यावर पळणाऱ्या शंकराचार्यांची गोष्ट येते. ती आता मला तोंडपाठ आहे.

घोळ 'मिथ्या' या शब्दाचा आहे. मराठीत मिथ्या आरोप म्हणजे धडधडीत खोटा आरोप. शांकर वेदान्तात मात्र खरं आणि खोटं यांखेरीज तिसरा खण आहे. असत् म्हणजे वांझेचा मुलगा, सशाचं शिंग. ते कुणाला कधी दिसलेलं नाही. मिथ्या ते, जे दिसतं, सोसावं लागतं, उपयोगीही पडतं, पण पुढे ज्ञान झालं की टिकत नाही. तेव्हा दाढ दुखते, याबद्दल वादच नाही. आणि सत्? तैत्तिरीय उपनिषदावरच्या भाष्यात आचार्यांनी दिलेली व्याख्या भलतीच कडक आहे: जे ज्या रूपाने निश्चित झालं, ते रूप कधीच सोडत नाही, ते सत्य. या मापाने दाढ सोडाच, हिमालयही नापास होतो.

'जग म्हणजे स्वप्न' एवढ्यावर मीही बरीच वर्षं खूश होते. मग ब्रह्मसूत्रं या वेदान्ताच्या मूळ ग्रंथावर आचार्यांनी लिहिलेल्या भाष्याच्या दुसऱ्या अध्यायात ठेच लागली. विज्ञानवादी बौद्धांना, म्हणजे बाहेरचं जग ही नुसती मनातली जाणीव मानणाऱ्यांना, उत्तर देताना सूत्र म्हणतं, 'वैधर्म्याच्च न स्वप्नादिवत्', म्हणजे जागेपणीचा अनुभव स्वप्नासारखा नाही. आणि आचार्य ते हिरिरीने पटवून देतात. (त्यांचे परमगुरू, म्हणजे गुरूंचे गुरू, गौडपाद मात्र आपल्या कारिकांमध्ये, म्हणजे सूत्रवजा श्लोकांमध्ये, स्वप्न आणि जागृती एकाच तागडीत घालतात. घरातच असं, तर तुम्हाला एका वाक्यात काय उत्तर देऊ?)

त्याच अध्यायात आधी एक शंका येते: खोट्यातून खरं फळ निघेलच कसं? आचार्य म्हणतात, विष अंगात गेल्याच्या नुसत्या संशयानेही माणसं मरतात. हे वाचलं आणि मला माझं नेहमीचं स्वप्न आठवलं: परीक्षा, समोर कोरा पेपर, वेळ संपत आलेली. जाग येते तेव्हा पेपर नसतो, पण मानेवरचा घाम खरा असतो.

रामानुज आणि मध्व या वेदान्ताच्याच दुसऱ्या आचार्यांना हा तिसरा खण मुळीच मान्य नाही. त्यांच्या लेखी जग खरंच आहे. माझा ओढा वेगळीकडे आहे. छांदोग्य उपनिषदात माती खरी, घडा हे नुसतं नाव. 'चांगदेव पासष्टी'त ज्ञानदेव म्हणतात, 'सोनें सोनेपणा उणें । न येतांचि झालें लेणें'. सोनं तसूभरही न घटता दागिना झालं. इथे दागिन्याला कमीपणा नाही. ती सोन्याचीच हौस. हे वाचलं की 'मिथ्या' म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

आणि दाढेचं म्हणाल, तर ती मी केव्हाच काढून टाकली. जीभ अजून रोज त्या रिकाम्या जागी जाते. न्याय-वैशेषिक दर्शनांनी अशा नसण्यालाही 'अभाव' म्हणून सातव्या पदार्थाचा, म्हणजे असलेल्या गोष्टींच्या सातव्या वर्गाचा, मान दिला आहे.