तुम्ही विचारलंत म्हणून: शॅम्पेन-अर्बानाला गाडी लागते का?

मार्च-एप्रिलमध्ये ॲडमिशनची पत्रं हाती पडली की पुण्याहून, सांगलीहून फोन सुरू होतात. "इलिनॉय विद्यापीठात मिळालंय, शॅम्पेन-अर्बानाला. तिथे गाडी घ्यावी लागेल का?" मुलांपेक्षा आईवडीलच जास्त विचारतात. अमेरिकेत गाडीशिवाय पान हलत नाही, हे त्यांनी दहा जणांकडून ऐकलेलं असतं.

नाही लागत. शॅम्पेन आणि अर्बाना ही अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातली एकमेकांना लागून असलेली दोन गावं. मी तिथलं मास्टर्स गाडीशिवाय केलं आणि उद्या परत जायचं झालं तरी तसंच करेन. अट एकच: घर बघताना भाड्याच्या आधी बस बघा. महिना शंभर डॉलर वाचतात म्हणून लांबचं घर घेतलेली मुलं डिसेंबरपर्यंत जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळायला लागतात. गाडी आली की विमा आला, पार्किंगचा परवाना आला, बर्फ खरवडणं आलं. वाचवलेले शंभर कुठल्या कुठे जातात.

तिथल्या शहर बससेवेचं नाव मास ट्रान्झिट डिस्ट्रिक्ट, पण सगळे तिला एमटीडी म्हणतात. तिची फी सेमिस्टरच्या फीमध्येच धरलेली असते, त्यामुळे विद्यापीठाचं आय-कार्ड दाखवायचं आणि चढायचं. कॅम्पसवरच्या ठरावीक स्टॉपवर, म्हणजे आयस्टॉपवर, तर तेही दाखवावं लागत नाही. मार्गांना नंबर आहेत आणि नावंही: ग्रीन, सिल्व्हर, टील, इलायनाय (Illini). नव्या मुलांना गोंधळात टाकतो तो संध्याकाळचा नि शनिवार-रविवारचा बदल. दिवसाची 22 इलायनाय तेव्हा 220 होते, 5 ग्रीनची 50 होते, वेळा विरळ होतात. म्हणून घराजवळच्या स्टॉपवर रविवारी रात्री कोणती बस येते ते आधी बघा. सोमवारी सकाळी सगळीकडेच बस असते. विद्यापीठाला सुट्ट्या लागल्या की कॅम्पसच्या फेऱ्या खूप कमी होतात, हेही धरून चाला.

स्टॉप दारापासून पाच मिनिटांच्या आत हवा, असं मी हट्टाने सांगते, कारण जानेवारी. चहूकडे मक्याची आणि सोयाबीनची सपाट शेतं, वारा अडवायला एक टेकडी नाही. उणे पंधरात पाच मिनिटं चालवतात, पंधरा नाही चालवत.

पण केवळ सोय म्हणून मी या बसची बाजू घेत नाही. एकदा ग्रीन स्ट्रीटवर व्हीलचेअरवरची एक मुलगी स्टॉपवर होती. बस थांबली, दाराच्या बाजूने खाली झुकली, उताराची फळी बाहेर आली. ड्रायव्हर उठले, पुढची सीट दुमडून त्यांनी जागा केली, खुर्चीचे पट्टे एकेक करून आवळले, "ठीक आहे ना?" विचारलं आणि मग जागेवर जाऊन बसले. बस गच्च भरलेली, सगळ्यांना लेक्चर गाठायचं. तरी कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. इलिनॉय विद्यापीठातले टिमोथी न्यूजंट यांनी अपंग विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेलं काम 1949 मध्ये अर्बानाला आलं, आणि पन्नासच्या दशकातच तिथे व्हीलचेअर चढवायची लिफ्ट असलेल्या बस धावत होत्या. हे पुढे वाचनात आलं आणि त्या दिवशीची बसमधली शांतता कळली. त्या गावाला ही सवय फार जुनी आहे. उतरताना ड्रायव्हरला "थँक यू" म्हणायची पद्धत आहे, तुम्हीही म्हणा.

किराण्याचं म्हणाल तर भाजी, दूध, अंडी बसने सहज येतात. वीस पौंडी आट्याची बॅग मात्र दोघांनी मिळून आणावी किंवा चाकांची पिशवी घ्यावी. उन्हाळ्यात शनिवारी सकाळी अर्बानाच्या लिंकन स्क्वेअरपाशी शेतकऱ्यांचा बाजार भरतो, तो चुकवू नका. सायकल घेतलीत तर ती बसच्या पुढच्या रॅकवर अडकवता येते. रात्री उशिरा एकट्याने जायचं असेल तर एमटीडीचीच सेफराइड्स ही रात्री घरी सोडणारी सेवा आहे; मुलींच्या आयांना मी हे नाव लिहूनच देते.

शिकागोला जायला रेल्वे. खरं तर शॅम्पेन हे गावच रेल्वेचं. 1854 मध्ये रूळ अर्बानापासून दोन मैल पश्चिमेला पडले आणि त्या स्टेशनभोवती दुसरं गाव वाढलं. आज इलिनॉय टर्मिनलवर शहराच्या बस आणि ॲमट्रॅक, म्हणजे लांब पल्ल्याची रेल्वे, एकाच छपराखाली मिळतात. शिकागोच्या युनियन स्टेशनपासून थोडं चाललं की शिकागोच्या मेट्रोची ब्लू लाइन, ती थेट ओहेअर विमानतळाला. दोन मोठ्या बॅगा असतील तर हा खटाटोप करू नका, कॅम्पसवरून विमानतळाला सरळ बस जातात. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या, सुट्टीचं तिकीट ऑक्टोबरमध्येच काढून ठेवा.

गाडी खरंच लागते ती ज्यांना संशोधनासाठी गावाबाहेर शेतांवर जावं लागतं त्यांना, आणि तान्हं मूल असलेल्यांना. त्यांना मी बसचा आग्रह करत नाही. बाकीच्यांनी लीजवर सही करण्याआधी दोन-तीन घरांचे पत्ते मला पाठवा. कुठून कुठली बस मिळते ते बघून सांगते.